उसवता येणारा बूट

१८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या, म्हणजे इंग्रजी कागदपत्रांतल्या सेरामपूरच्या, मिशन छापखान्यातून मराठी भाषेचे एक व्याकरण इंग्रजीतून छापून निघाले. पाच वर्षांनी, १८१० साली, त्याच छापखान्याने मराठीचा कोश काढला आणि त्यातले मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांत छापले. दोन्हींवर नाव विल्यम कॅरी यांचे. त्यामागे वैजनाथ पंडितांचे श्रम होते, हे आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदलेले आहे. कॅरी मिशनरी होते, फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत होते, हेही अभ्यासकांना ठाऊक असते. त्याआधीच्या कॅरींकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. हा माणूस इंग्लंडच्या नॉर्थम्प्टनशर परगण्यातला, जन्म १७६१ सालचा, आणि तरुणपणाची बरीच वर्षे त्याने हातात आरी आणि मेणाचा दोरा घेऊन काढली. कॅरी बूट शिवत असत.

त्यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या मेजवानीला एका लष्करी अधिकाऱ्याने, कॅरींना ऐकू जाईल अशा बेताने, शेजाऱ्याला विचारले की हे गृहस्थ पूर्वी बूट बनवत होते ना? कॅरी वळून म्हणाले की नाही, मी बनवत नव्हतो, नुसते दुरुस्त करत होतो.

या उत्तरातली मेख समजायला इंग्रजीतला एक जुना भेद माहीत असावा लागतो. नव्या कातड्याचा बूट बनवणारा तो 'कॉर्डवेनर'. स्पेनच्या कॉर्दोबा शहरातल्या उंची चामड्यावरून हे नाव आले. जुना बूट दुरुस्त करणारा तो 'कॉब्लर'. लंडनमध्ये या दोघांच्या हद्दी मध्ययुगापासून आखलेल्या होत्या; कॉब्लरने नव्या कातड्याला हात लावू नये, यावरून तंटे होत. म्हणजे अधिकाऱ्याने कॅरींना एका पायरीवर बसवून हिणवले आणि कॅरी आपण होऊन तिच्याही खालच्या पायरीवर जाऊन बसले. मराठीत हा भेद नाही. जोडे शिवणारा आणि सांधणारा आपल्याकडे एकच, आणि दोन्ही कामांना मिळालेली वागणूकही एकच.

हा लेख त्या खालच्या पायरीवरून लिहिलेला आहे. बुटाचा इतिहास लिहिणारे बहुधा बनवणाऱ्याकडून सुरुवात करतात: राजे, फॅशन, टाचेची उंची. मी गेली अठरा वर्षे जुने इंग्रजी बूट मिळतील तिथून आणतो, उघडून पाहतो आणि पुन्हा जोडून घेतो. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी हिशेबखात्यातली. चामड्याचे जे कळते ते पुस्तकांतून थोडे आणि पुण्याच्या एका पेठेत फूटपाथवर बसणाऱ्या वयस्कर कारागिरांकडून जास्त. मी त्यांना मामा म्हणतो. एवढ्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. चांगला जुना बूट ओळखायचा तो त्याच्या चकाकीवरून नव्हे. तो उसवता येतो की नाही, हे पाहायचे.

पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवार-रविवारी भरतो त्यात, मला एक काळा जोड मिळाला. पुढच्या भागावर बारीक भोकांची नक्षी, पाच जोड्या नाडीची भोके, टाच कातड्याच्या थरांची. आतल्या पट्टीवरचे कंपनीचे नाव घामाने पुसलेले. 'नॉर्थम्प्टन' आणि 'इंग्लंड' एवढीच अक्षरे शिल्लक. अस्तराच्या आत, नाडीच्या पट्टीखाली, शाईने हाताने लिहिलेले आकडे: माप, रुंदीचे अक्षर, कलबुताचा क्रमांक. कलबूत म्हणजे ज्या लाकडी साच्यावर बूट चढवून शिवतात तो. हे आकडे गिऱ्हाइकासाठी नसतात. कारखान्यात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना कोणता जोड कोणाचा, हे कळावे म्हणून कामगारानेच ते लिहिलेले असतात. जुना बूट हातात घेतला की मी आधी ते अक्षर पाहतो. कारण बुटावर कामगाराच्या हाताचे अक्षर तेवढेच असते.

काळ ठरवायच्याही काही खुणा असतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने कपडे आणि पादत्राणे यांसाठी काटकसरीची योजना आखली. त्या योजनेतल्या मालावर चीजच्या कापलेल्या तुकड्यांसारखे दिसणारे दोन 'सी' आणि ४१ हा आकडा असा शिक्का असे. १९४१ ते १९५२ हा त्याचा काळ. लष्करी बुटांवर रुंद बाण आणि साल असते. चर्च या कंपनीच्या बुटांत तर आतल्या पट्टीवर छापलेल्या शहरांची नावे मोजून संग्राहक काळ सांगतात. दुकाने वाढत गेली तशी शहरे वाढत गेली. माझ्या जोडावर यातले काहीच नव्हते. म्हणून तो आतून वाचावा लागला.

मामांनी आधी टाच काढली, मग रापीचे पाते तळ आणि कडेची पट्टी यांच्या फटीत घालून एकेक टाका कापत गेले. कापलेला तळ वहीच्या पुठ्ठ्यासारखा सुटून आला. खाली बुचाच्या भुग्याचा काळपट थर, त्यात टाचेपासून चवड्यापर्यंत लाकडाची एक चपटी पट्टी, आणि तो थर खरवडल्यावर आतला तळ. वर्षानुवर्षांच्या चालण्याने त्या बुचात आणि आतल्या तळात अनोळखी माणसाच्या पायाचा ठसा उमटला होता. पाच बोटे, आणि अंगठ्याखाली खोल खळगा.

इथे थोडी रचना समजून घेतली पाहिजे. बुटाचे वरचे कातडे कलबुतावर ओढून खाली आतल्या तळाच्या कडेला वळवतात. त्या कडेभोवती कातड्याची एक अरुंद पट्टी फिरवतात आणि वरचे कातडे, अस्तर, आतला तळ आणि ही पट्टी असे सगळे एका शिवणीत घेतात. या पट्टीला वेल्ट म्हणतात. बाहेरचा तळ बुटाला थेट शिवायचाच नाही; तो या बाहेर आलेल्या पट्टीला शिवायचा. म्हणजे शिवणी दोन झाल्या: एक आत, कायमची, एक बाहेर, तळ झिजला की कापून टाकायची. तळ गेला तरी बुटाचे अंग शाबूत राहते. साधारण १५०० सालच्या सुमारास युरोपात ही पद्धत रुळली. त्याआधीचे जोडे उलटे शिवून मग पिशवीसारखे सुलटे करत.

साडेतीनशे वर्षे हे सगळे हाताने चालले. नॉर्थम्प्टन हे त्या हातांचे गाव. आसपास गुरे, ओकची झाडे आणि नदीचे पाणी, म्हणजे कातडे, साल आणि कमावण्याची सोय. इंग्लंडमधल्या यादवीच्या तोंडावर, १६४२ साली, टॉमस पेंडलटन आणि आणखी बारा कारागिरांनी आयर्लंडला जाणाऱ्या फौजेसाठी ४,००० जोडी जोडे आणि ६०० जोडी बूट पुरवले. त्याचे पैसे पुढे कित्येक वर्षे थकले. सरकारी कंत्राटाची ही चव आपल्याला अनोळखी नाही. आजही त्या गावचा फुटबॉल संघ 'कॉब्लर्स' याच नावाने ओळखला जातो.

मग अमेरिकेतून यंत्रे आली. १८५८ साली लायमन ब्लेक याने तळ थेट वरच्या कातड्याला आतून आरपार शिवणारे यंत्र शोधले. वेग प्रचंड, किंमत कमी. पण शिवण बुटाच्या आत असल्यामुळे पाणी टाक्यावाटे पायापर्यंत येते, आणि तळ बदलायचा तर बुटाच्या पोटात शिरणारे तसलेच यंत्र लागते. दुसरी वाट काढली ती चार्ल्स गुडइयर धाकटे यांनी. रबर टिकाऊ करण्याची रीत शोधणाऱ्या गुडइयर यांचे हे चिरंजीव. ऑगस्ट डेस्टुई नावाच्या कारागिराने वक्र सुईचे एक यंत्र बनवले होते. त्याचे हक्क घेऊन गुडइयर यांनी १८७० च्या आगेमागे वेल्टची आतली शिवण यंत्राने घालण्याची सोय केली. 'गुडइयर वेल्ट' हे नाव त्यावरून पडले.

मला या घटनेचे महत्त्व वेगळेच वाटते. यंत्राने हातकाम मारले, हे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरे असते. पण या यंत्राने हाताच्या रचनेचीच नक्कल केली. वेल्ट बाहेरच राहिली, बाहेरची शिवण बाहेरच राहिली. त्यामुळे नॉर्थम्प्टनच्या कारखान्यात यंत्रावर शिवलेला बूट पुण्याच्या फूटपाथवर, एक रापी, एक आरी आणि मेणाचा दोरा एवढ्यावर उघडता येतो आणि पुन्हा बंद करता येतो. बनवणारे यंत्र सातासमुद्रापलीकडे असले तरी दुरुस्त करणाऱ्याचे काही अडत नाही. असा करार किती वस्तूंनी आपल्याशी केला आहे?

यंत्राला एक काम मात्र बरीच वर्षे जमेना. कलबुतावर कातडे ओढून चवड्याभोवती चुण्या पाडत बसवणे. मामांनी आतला तळ दाखवला तेव्हा चवड्याच्या कडेला या चुण्या दिसल्या, मोदकाच्या पाकळ्यांसारख्या सारख्या अंतराने दाबलेल्या. हे काम करणारे कामगार अमेरिकेत भाव खाऊन असत. दिवसाला पन्नासेक जोड हा चांगल्या हाताचा वेग. १८८३ साली यान अर्न्स्ट मॅट्सेलिगर यांनी त्यासाठी यंत्राचे पेटंट घेतले. दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, सुरिनाममध्ये, १८५२ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय तरुण. वडील डच अभियंता, आई तिथलीच. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी बुटांच्या कारखान्यात काम करता करता, रात्री उरलेल्या वेळात, मोडक्या लोखंडातून त्याने यंत्र जुळवले. त्याचे यंत्र दिवसाला दीडशेपासून सातशेपर्यंत जोड बसवू लागले. १८८९ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. दहा वर्षांनी त्याचे, गुडइयरचे आणि इतर हक्क एकत्र करून 'युनायटेड शू मशिनरी' ही बलाढ्य कंपनी उभी राहिली. ती यंत्रे विकत नसे, भाड्याने देई. तिच्या मक्तेदारीवर अमेरिकन न्यायालयाने १९५३ साली ठपका ठेवला. पण भाड्याच्या पद्धतीची दुसरी बाजू अशी, की थोड्या भांडवलाच्या घराण्यांनाही कारखाना घालता आला. नॉर्थम्प्टनमध्ये इतक्या लहान-मोठ्या कंपन्या तगल्या, त्यात या भाड्याच्या यंत्रांचा वाटा आहे.

त्या कंपन्यांची नावे आज संग्राहक जपमाळेसारखी घेतात: ट्रिकर्स १८२९, चर्च १८७३, क्रॉकेट अँड जोन्स १८७९, लोक १८८०. कामगारांचा इतिहास त्यांच्या जाहिरातींत नसतो. १८५० च्या दशकाच्या अखेरीस वरचे कातडे शिवणाऱ्या यंत्रांविरुद्ध नॉर्थम्प्टनमध्ये संप झाले. ते काम तोवर घरोघरच्या बायका-मुलांच्या हातचे होते. १८९५ साली मालकांनी देशभर टाळेबंदी केली. आणि १९०५ च्या मे महिन्यात जवळच्या राउंड्स गावातले ११५ कामगार, लष्करी बुटांची मजुरी ठरल्याप्रमाणे मिळत नाही म्हणून, जेम्स ग्रिबल यांच्यामागे लंडनपर्यंत पायी गेले. सैन्याचे बूट शिवणारे लोक सैन्यासारखे रांगेने चालत गेले. ग्रिबल पार्लमेंटच्या गॅलरीत शिरून मोठ्याने बोलू लागले आणि त्यांना बाहेर काढण्यात आले.

बूट शिवणारे लोक राजकारणात तिखट असतात, हे युरोपात जुने निरीक्षण आहे. एरिक हॉब्सबॉम आणि जोन स्कॉट यांनी १९८० साली त्यावर एक विस्तृत निबंधच लिहिला. बसून, हात चालू ठेवून करायचे काम. त्यात एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. नॉर्थम्प्टनच्या या मंडळींच्या पाठिंब्यावर १८८० साली चार्ल्स ब्रॅडलॉ निवडून आले. नास्तिक म्हणून त्यांना पार्लमेंटमध्ये बसू दिले नाही. जागा रिकामी केली, की गाव पुन्हा त्यांनाच निवडून देई. १८८६ साली ते अखेर आत बसले. हिंदुस्थानचे प्रश्न ते इतक्या नेमाने मांडत, की त्यांना 'हिंदुस्थानचा सभासद' म्हणू लागले. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ते स्वतः आले होते. त्या अधिवेशनाला प्रतिनिधीही नेमके १,८८९ होते. त्या मांडवात किती जणांना माहीत असेल, की पाहुण्याच्या मागे बूट शिवणाऱ्यांचे एक गाव उभे आहे?

आता अस्तर. माझ्या जोडाचे अस्तर फिकट तपकिरी, सुती कापडासारखे मऊ. वरचे काळे कातडे मामांनी कडेला जरासे तासले तेव्हा आतून निळसर राखाडी निघाले. अस्तर मात्र आरपार तपकिरी. हा फरक कमावण्याचा. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याचे पेटंट घेतले आणि महिन्यांचे काम दिवसांवर आले. क्रोमचे चामडे मऊ, पाण्याला दाद न देणारे. बुटाच्या वरच्या भागाला तेच लागते. पण तळ, आतला तळ आणि अस्तर पुष्कळ काळ साल-फळांच्या जुन्या पद्धतीनेच कमावत, कारण ते चामडे घाम शोषते आणि पायाचा आकार धरते. इंग्लंडच्या डेव्हनमध्ये कोलिटन इथली बेकरांची टॅनरी अजून ओकच्या सालीत तळाचे चामडे मुरवते. त्याला वर्षाहून अधिक काळ लागतो.

अस्तराच्या चामड्याची वाट मात्र पुष्कळदा आपल्याकडून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मद्रास इलाख्यातून अर्धवट कमावलेली कातडी लंडनला जात आणि तिथे लिलावात विकली जात. व्यापारात त्यांचे नाव 'ईस्ट इंडिया', थोडक्यात 'ई. आय.'. दोन झाडांवर हा धंदा उभा होता. एक आवारम, म्हणजे आपला तरवड. देशावर नवरात्रात घटाला ज्याच्या पिवळ्या फुलांची माळ घालतात तोच. त्याची साल कातडे कमावी. दुसरा हिरडा, तो शेवटी रंग उजळवायला आणि चामड्याला भर द्यायला. वाळल्या हिरड्यात वजनाच्या सुमारे ३० टक्के टॅनिन असते. हिरडा नुसता मद्रासलाच लागे असे नाही. ब्रिटनच्या टॅनऱ्या तळाच्या चामड्यासाठी तो हजारो टन मागवत. लंडनच्या बाजारात त्याच्या प्रती बंदरांच्या आणि गावांच्या नावाने ओळखल्या जात: भिमलीपट्टणमचा 'भिमलीज', जबलपूरचा 'जबलपूर' आणि आपल्या वेंगुर्ल्याचा 'विंगोर्ला'. जुन्नर, आंबेगावच्या डोंगरात आजही महादेव कोळी कुटुंबे हिरडा वेचतात. कोवळा असेल तर बाळहिरडा, तो औषधाला. आजीच्या बटव्यातली वस्तू नॉर्थम्प्टनच्या बुटात होती, हे मला पहिल्यांदा एका व्यापारी कोष्टकात दिसले तेव्हा मी ते पान दोनदा वाचले. पहिल्या महायुद्धात तर लष्करी बुटांसाठी मद्रास आणि मुंबईकडच्या या कमावलेल्या कातड्यांची सगळी खरेदी सरकारने आपल्या हाती घेतली. फ्लँडर्सच्या चिखलात जे बूट रुतले, त्यात तरवड आणि हिरडा होता.

बूट तिकडचा आणि आपण नुसते वापरणारे, असे त्यामुळे म्हणता येत नाही. पण ही देवाणघेवाण ज्या हातांनी केली त्यांना आपण ओळख दिली नाही. इंग्रज कारागिरांना निदान एक संत होता, क्रिस्पिन. त्याचा सण २५ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्या दिवाळीच्याच आगेमागे. आपल्या धंद्याला ते 'सभ्य कला' म्हणवून घेत आणि १५९९ साली टॉमस डेकरने त्यांच्यावर आनंदी नाटकही लिहिले. पोटाला त्यांनाही कमीच मिळे, राउंड्सचा मोर्चा उगाच निघाला नाही. पण आपल्याकडे पोटाबरोबर मानही कापला. ढोर समाजाने कातडे कमवावे, चर्मकाराने शिवावे, आणि घालणाऱ्याने 'पायातली वहाण पायातच बरी' म्हणावे. मराठीत पादत्राणांचे वाक्प्रचार काढून बसलो तर अपमानाचेच जास्त निघतात. ज्या ज्ञानाला हात लावल्याने विटाळ होतो असे मानले, त्याच्यावर ग्रंथ कोण लिहिणार? कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, तिचे थर कातड्याच्याच वादीने शिवतात, तिचे चामडे बाभूळ आणि हिरड्यात मुरते. म्हणजे तीही उसवता येणारी वस्तू आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानला तशीच चप्पल रंगमंचावर आणली आणि नाव घेतले नाही, तेव्हा महाराष्ट्रात गहजब झाला. तो रास्तच होता. नॉर्थम्प्टनची चर्च ही कंपनीही १९९९ साली याच प्राडाने विकत घेतली आहे. मात्र गहजब करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या गल्लीतल्या कारागिराचे नाव कधी विचारले होते, असा प्रश्न मला त्या दिवसांत पडत असे.

दुरुस्तीबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण अलीकडे जुने बूट जमवण्याची हौस आपल्या शहरांतही आली आहे आणि तिच्याबरोबर काही वेड्या समजुती. जुन्या कातड्यावर प्लॅस्टिकी रंग चढवून त्याला नवे करू नये. रंगाच्या सालपटाखाली चामड्याला श्वास नसतो आणि पहिल्याच घडीला ते फुटते. आधी ओलसर फडक्याने आणि साबणाने मेणाचे जुने थर उतरवावेत, सावलीत वाळू द्यावे. उन्हात कधीच नको. मग क्रीम, थोडे, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. चवड्याच्या घडीवर चीर गेली असेल तर ती भरून येत नाही. बोरूने रेखल्यासारखी ती राहू द्यावी. आत लाकडी साचा घालून ठेवला तर घड्या पसरतात. आपल्या पावसाळ्यात बुटांना बुरशी येते ती बंद डब्यामुळे. वर्तमानपत्राचे बोळे आणि उघडी फळी हा उपाय पुरेसा आहे. मेणाचे पॉलिश सगळ्यांत शेवटी. किवी हे पॉलिश १९०६ साली मेलबर्नमध्ये विल्यम रॅमझी यांनी काढले आणि पत्नीच्या माहेरच्या, न्यूझीलंडच्या, पक्ष्याचे नाव त्याला दिले. टोकावर आरशासारखी चमक आणणे लष्करात ठीक आहे. मला तिचा कंटाळा येतो. कातड्याची रंध्रे दिसली पाहिजेत.

या सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे तो वेल्टमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर चिकटवलेल्या तळांचे राज्य आले. त्यात शिवण नाही, गोंद आहे. तळ गेला की बूट गेला. त्यातल्या पॉलियुरेथेनच्या तळाला तर झिजायचीही गरज नसते. हवेतल्या दमटपणाने ते रसायन आतून तुटत जाते. कपाटात चार वर्षे जपलेला बूट लग्नाच्या दिवशी काढावा आणि मांडवात पोचेपर्यंत तळ वडीसारखा चुरून पडावा, हा अनुभव बऱ्याच घरांत आहे. तो घेऊन लोक मामांकडे येतात. मामा म्हणतात, "ह्यात मी काय करू साहेब? ह्याला धरायला जागाच नाही."

माझ्या जोडाला जागा होती. बुचाचा थर पूर्ण निघाल्यावर मामांनी वेल्टवरून अंगठा फिरवला आणि उजव्या बुटाच्या चवड्यापाशी थांबले. "हा बूट आधी एकदा उघडलाय," ते म्हणाले. आतली शिवण यंत्राची, म्हणजे साखळीसारख्या टाक्याची होती. पण चवड्याशी तीन बोटे लांबीची वेल्टची पट्टी वेगळी होती. तिचा रंग गडद, बाभळीत मुरलेल्या कातड्याचा, आणि तिथला टाका दोन सुयांनी समोरासमोर घातलेला. टाचेच्या थरांतही दोन थर तशाच गडद कातड्याचे. त्या टाचेतले खिळे देशी होते.

"कोणी केलं असेल?" मी विचारले.

"आपल्याच कुणीतरी. कॅम्पात पूर्वी असे लोक होते. हात बघा की, टाक्याला टाका सारखा."

हा बूट इंग्लंडात बनला, इथे कोणाच्या तरी पायात झिजला, आणि इथेच, नव्या कातड्याला हात लावणारा तो आणि जुने सांधणारा हा असा भेद न मानणाऱ्या एका माणसाने तो उघडून पुन्हा बंद केला. कारखान्याच्या कामगाराचे निदान आकडे अस्तरात राहिले होते. याचे काहीच नव्हते, त्या तीन बोटांच्या पट्टीखेरीज.

मामांनी सुताचे सहा पदर मांडीवर वळले, मेण लावले. कानपुरी कातड्याचा नवा तळ रात्रभर भिजवून ठेवलेला होता. जुनी भोके चांगली होती तिथे त्यांनी त्याच भोकांतून दोरा घेतला. फाटली होती तिथे आरीने नवी पाडली. काम दोन दुपारी चालले. मजुरी त्यांनी बाराशे रुपये सांगितली. मी म्हटले, "मामा, ती गडद पट्टी बदलून सगळी एकसारखी करायची का?"

"ती पक्की आहे," ते म्हणाले, "तिला कशाला हात लावायचा?" आणि तिच्यावरूनच त्यांनी पुढचा टाका घातला.